५०० ची हार्ड डिस्क ४८० च्या एसएसडीत कशी कोंबायची? फुकटचं सॉफ्टवेअर सुचवा

पावतीपुस्तक (सोमवार, रात्री ११:२०)

मंडळी मदत हवीये, जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या. गिरगावात आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं आणि गणपतीच्या आधी दीड-दोन महिने मंडळांची पावतीपुस्तकं. मशीन जुनं आहे, विंडोज १०, आत ५०० जीबीची हार्ड डिस्क, आणि ती आता एवढी रडते की सकाळी बटण दाबून खाली जाऊन चहा पिऊन वर आलो तरी डेस्कटॉप उघडतोच आहे. परवा लॅमिंग्टन रोडवरून ४८० ची एसएसडी आणली. दुकानदार म्हणाला आणा मशीन, नवीन विंडोज टाकून देतो, मी म्हटलं नको रे बाबा, त्यात श्रीलिपी आहे, जुनं पेजमेकर आहे, कोरल आहे, ह्यातल्या अर्ध्या सीड्या कुठल्या खोक्यात आहेत ते बाबांनाही आठवत नाही आणि फाँट तर कुठून कुठून गोळा केलेत ते देवच जाणे. म्हणून आहे तसंच्या तसं उचलून एसएसडीत हवंय.

नेटवर 'फ्री' म्हणून दहा नावं सापडली. एक टाकलं, सगळं केलं, जुनी डिस्क निवडली, नवी निवडली, शेवटचं बटण दाबलं तर म्हणे ह्यासाठी प्रो घ्या. अरे मग आधी सांगायचं ना!

डिस्कची तीन पार्टिशन, म्हणजे भाग, आहेत: सुरुवातीला ते छोटं सिस्टिम रिझर्व्ह्ड, मग सी, मग डी. डीमध्ये सगळी कामं आहेत, साधारण २०० जीबी भरलंय. काय वापरू?

मिसळ_विदाऊट_पाव

क्लोनझिला, डिस्कची हुबेहूब कॉपी (क्लोन) करणारं फुकट टूल. विषय संपला.

चर्चगेट_स्लो

विषय कुठला संपतोय, त्याची नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे ते वाचलंस का? क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, नाहीतर तो सुरुवातीलाच हात वर करतो. ५०० म्हणजे विंडोजमध्ये दिसणार ४६५, आणि ४८० म्हणजे ४४७. (कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, त्यामुळे ही गंमत.) १९ जीबीचा घोळ आहे. डी मागून थोडा कापावा लागणार आधी.

जुना_घोस्टवाला

आमच्या वेळी नॉर्टन घोस्टची एक फ्लॉपी खिशात असली की माणूस राजा होता. ते मूळचं न्यूझीलंडच्या लोकांनी केलेलं, १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतलं, आणि पार्टिशनसाठी पार्टिशन मॅजिक, तेही २००३ मध्ये त्यांच्याच पोटात गेलं. दोन्ही गेली. हल्लीहल्लीपर्यंत मी लोकांना मॅक्रियम रिफ्लेक्टचं फुकट व्हर्जन सांगायचो, इतकं सरळ काही नव्हतं, त्याचाही सपोर्ट १ जानेवारी २०२४ ला थांबला. कंपनीचं फुकट हे असंच, आज आहे उद्या नाही. क्लोनझिला, पार्टिशन कापायला-सरकवायला जीपार्टेड, ही ओपन सोर्सवाली मात्र दिसायला कशीही असोत पण तिथेच आहेत.

बाकी पावतीपुस्तक, एक सांग, एसएसडी कुठल्या कंपनीची आहे? सॅमसंग, क्रूशल, डब्ल्यूडी ह्यांचं स्वतःचं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फक्त त्यांची डिस्क जोडलेली हवी. आणि ती विंडोजमधली सॉफ्टवेअरं डेटा मावत असेल तर लहान डिस्कवर स्वतःच आटवून घेतात, तुझा कापाकापीचा व्याप वाचेल.

पावतीपुस्तक

काका ती कुठलीतरी स्वस्तातली आहे हो, नाव सांगितलं तर हसाल.

चर्चगेट_स्लो

मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्या नवीन डिस्कचे पॉवर ऑन अवर्स बघ पहिले. नवी म्हणून दिलेली डिस्क हजार तास चाललेली निघालीये माझ्या एका मित्राची. आणि एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट टूल आहे ते डिस्क पूर्ण भरून परत वाचून बघतं, लेबलवर ४८० आणि आत ६० असले प्रकार त्यात लगेच पकडले जातात. डिस्क रिकामी आहे तोवरच करून घे.

लॅबताई (मंगळवार, सकाळी)

नवीची बघताय तर त्याच सॉफ्टवेअरमध्ये जुनीचीही तब्येत बघा! विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात मी लॅब सांभाळते, दरवर्षी ६० मशीनचं इमेजिंग (अख्ख्या डिस्कची कॉपी) क्लोनझिलानेच करतो, आणि मशीन 'स्लो झालंय' म्हणून जे येतं त्यातल्या बऱ्याचदा डिस्क आजारी असते. ०५, सी५ आणि सी६ ह्या तीन ओळींसमोर काय आकडे आहेत ते इथे टाका. त्याआधी काहीही कापू नका.

पावतीपुस्तक (मंगळवार, दुपारी)

नवी ठीक आहे, ३ तास दाखवतेय, एचटूटेस्टही पास. जुनीवर पिवळा चौकोन आलाय, कॉशन. ०५ समोर शून्य, सी५ समोर बरीच शून्यं आणि शेवटी १८, सी६ ला पण १८. १८ म्हणजे फार नाही ना?

लॅबताई

ते १८ हेक्समध्ये (सोळाच्या हिशोबात) आहेत, म्हणजे आपले २४. सी५ म्हणजे डिस्कला जे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता येईनात आणि अजून निकाल लागलेला नाही असे. आकडा लहान आहे पण तो वाढतो, आणि तुमचं मशीन चहा होईपर्यंत अडकतं ते बहुतेक ह्यामुळेच, डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते.

आता नीट ऐका. ह्या डिस्कवर जीपार्टेडने डी कापायला जाऊ नका. पार्टिशन लहान करताना मागचा डेटा उचलून पुढे लिहिला जातो, आजारी डिस्कला एवढी धावपळ करायला लावली तर मधेच बसेल आणि मग सी पण नाही डी पण नाही. क्लोनझिलाही खराब सेक्टर लागला की थांबतो, एक्स्पर्ट मोडमध्ये रेस्क्यू नावाचा पर्याय आहे तो लावला तर पुढे रेटतो, पण अशा वेळी माझा भरवसा जीएनयू डीडीरेस्क्यूवर.

५०० पेक्षा मोठी एखादी डिस्क उसनी मिळेल का कुणाकडून?

मिसळ_विदाऊट_पाव

साधं लिनक्सचं डीडी वापर ना, एक ओळीची कमांड.

जुना_घोस्टवाला

डीडीला आम्ही डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतो ते उगाच नाही. आयएफ (कुठून) आणि ओएफ (कुठे) उलटं लिहिलं की रिकामी डिस्क भरलेलीवर कॉपी होते, आणि ते काही विचारत नाही, 'खात्री आहे का' वगैरे लाड नाहीत. २००९ साली मी मेव्हण्याचे बारशाचे फोटो असेच घालवले, अजून भाऊबीजेला विषय निघतो.

पावतीपुस्तक

आतेभावाकडे १ टीबीची डेस्कटॉपवाली डिस्क पडून आहे, ठाण्याला, तो म्हणाला घेऊन जा, रिकामीच आहे. पण ताई हे डीडीरेस्क्यू चालवायचं कसं, मला लिनक्स म्हणजे फक्त तो पेंग्विन माहितीये.

लॅबताई

पुरे आहे तेवढं. सिस्टिमरेस्क्यू नावाचं आयएसओ (पेनड्राईव्हवरून मशीन सुरू करायची फाईल) उतरवा, त्यात डीडीरेस्क्यू, जीपार्टेड, टेस्टडिस्क सगळं एकत्र मिळतं. क्लोनझिलाचंही उतरवा. रुफसने एक एक पेनड्राईव्ह करा, किंवा व्हेंटॉय टाका म्हणजे एकाच पेनड्राईव्हवर दोन्ही आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवता येतात, सुरू होताना यादी येते.

क्रम असा ठेवा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करून शिफ्ट दाबून शटडाऊन करा. हे विसरू नका, फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग जीपार्टेड त्या पार्टिशनवर पिवळा त्रिकोण दाखवून हात लावू देत नाही. मग कॅबिनेट उघडून १ टीबी साटा केबलने आतच जोडा, यूएसबी अडॅप्टरच्या भानगडीत पडू नका, आणि एसएसडी अजून जोडूच नका, दोनच डिस्क असल्या की चूक व्हायला जागा कमी. सिस्टिमरेस्क्यू सुरू झालं की आधी डिस्कची यादी बघा, नावावर जाऊ नका, एसडीए एसडीबी ही नावं दर बूटला बदलू शकतात, मॉडेल नंबर आणि साईज कागदावर लिहून ताडून बघा. मग डीडीरेस्क्यूला तीन गोष्टी द्यायच्या ह्याच क्रमाने: जुनी डिस्क, १ टीबीची डिस्क, मॅपफाईल. ही मॅपफाईल म्हणजे कुठवर वाचलं आणि काय राहिलं त्याची वही, ती दुसऱ्या एखाद्या पेनड्राईव्हवर ठेवा. लाईव्ह लिनक्स रॅममध्ये चालतं, लाईट गेली तर वहीसुद्धा जाते. वही शाबूत असली की तीच कमांड परत दिली तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू.

डीडीरेस्क्यूची खुबी ही की आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं पटापट उचलून घेतं, अडलेलं सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन एकेक सेक्टर खरवडतं. क्लोनझिलासारखं फक्त भरलेले ब्लॉक नाही उचलत, रिकामी जागापण उचलतं, म्हणून वेळ लागेल.

कर्जत_शेवटची

धाग्यात घुसतोय सॉरी, पण माझापण प्रश्न पार्टिशनचाच आहे. ऑफिसचा नाही घरचा लॅपटॉप, २५६ ची एसएसडी होती ती मी ५१२ वर क्लोन केली (हॅस्लिओ बॅकअप सूट म्हणून आहे, खरोखर फुकट, शेवटच्या बटणापर्यंत) आणि आता २३८ चं रिकामं मागे पडलंय पण सी वाढतच नाही, डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक्स्टेंड पुसट दिसतं.

चर्चगेट_स्लो

मधे रिकव्हरी पार्टिशन बसलंय बघ. विंडोजला सी च्या लगेच उजवीकडे चिकटून रिकामी जागा हवी असते, मधे ५००-७०० एमबीचं काही आलं की संपलं. जीपार्टेडने ते रिकव्हरी उचलून शेवटी ढकल, मग सी वाढव. पण थांब, बिटलॉकर आहे का? विंडोज ११ चे नवे लॅपटॉप न विचारता एन्क्रिप्शन चालू करून देतात. असेल तर आधी ते काढ, म्हणजे पूर्ण डिक्रिप्ट कर, आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव. मोबाईलमध्ये फोटो काढून नाही, कागदावर.

कर्जत_शेवटची

झालं! डोंबिवली ते कर्जत चालू ट्रेनमध्ये केलं :) खिडकीतून पाऊस आत येत होता, लॅपटॉपवर छत्री धरली होती.

लॅबताई

चालू ट्रेनमध्ये पार्टिशन?? बॅटरी संपली असती म्हणजे?

कर्जत_शेवटची

४० टक्के होती ना.

जुना_घोस्टवाला

धन्य आहेस.

पावतीपुस्तक (बुधवार, रात्री १:१०)

रिपोर्ट देतोय. संध्याकाळी दुकान बंद करून बसलो, बाबा पण बसले बाजूला स्टुलावर, त्यांना वाटत होतं मी मशीन मारणार. मॉडेल नंबर कागदावर लिहून घेतले तेच बरं झालं कारण मला वाटत होतं जुनी एसडीए असेल आणि निघाली एसडीबी! काका, मी तुमचा मेव्हणा आठवला आणि तीनदा वाचून मग एंटर मारलं.

पावणेदोन तासात ९९.९९ टक्के झालं आणि मग ते उरलेलं खरवडत बसलं, आणखी अर्धा तास. शेवटी १२ हजार काहीतरी बाईट नाही आले, बाकी सगळं आलं. जुनी डिस्क काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. आता १ टीबी एकटीच लावून चालू केलं तर विंडोज आलं राव. चहाला जायच्या आत आलं.

चर्चगेट_स्लो

१२,२८८ बाईट असणार, २४ सेक्टर गुणिले ५१२. ताईंचा हिशोब बरोब्बर.

आणि ती जुनी डिस्क आता ह्या कॉपीसोबत एकत्र जोडून विंडोज चालू करू नकोस. दोघींची सही (विंडोज डिस्क ओळखतो तो नंबर) सारखी झालीये, विंडोज एकीला ऑफलाईन टाकतं, आणि तिला मुद्दाम ऑनलाईन केलीस तर तिची सही बदलतं, मग ती डिस्क बूट व्हायला नकार देते कारण बूटवाल्या नोंदीत जुनी सही लिहिलेली असते. एमबीआर (जुन्या पद्धतीची पार्टिशनची नोंद) असलेल्या डिस्कचं हे जुनं दुखणं आहे.

मिसळ_विदाऊट_पाव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, एवढा खटाटोप करून जुनंच चालवणार? ११ टाक की एकदाचं.

पावतीपुस्तक

मशीनला ११ चालत नाही, आणि हे नेटला जोडलेलंच नसतं, फाईल पेनड्राईव्हवर येतात. पत्रिका छापायला काय लागतंय रे. नवीन मशीन गणपतीनंतर बघू, पैसे आले तर.

ताई आता पुढे?

लॅबताई (गुरुवार)

छान केलंत. आता कॉपीवर सी आणि डी दोन्हीला चेकडिस्क द्या. मग परत सिस्टिमरेस्क्यू, जीपार्टेड उघडून डी उजवीकडून २५ जीबी कापा. १९ पुरेत पण काठावर राहू नका. डी शेवटचंच पार्टिशन आहे म्हणून नशीब, सी कापायचा असता तर पुढचं सगळं सरकवावं लागलं असतं. मग एसएसडी लावा, क्लोनझिला चालू करा, डिस्क टू डिस्क, आणि बिगिनर नाही एक्स्पर्ट मोड घ्या, कारण १ टीबीवरून ४८० वर म्हटल्यावर तो साईज बघून अडवणार, तिथे नवीन डिस्कची साईज तपासू नको असा पर्याय आहे त्यावर स्पेसबारने चांदणी करायची. तो दोनदा विचारतो 'नक्की ना', दोन्ही वेळेला मॉडेल नंबर वाचा.

क्लोनझिलाचे ते निळे पडदे बघून घाबरायला होत असेल तर रेस्क्यूझिला म्हणून आहे, माउसवाला, क्लोनझिलाने घेतलेल्या इमेजही त्यात उघडतात. पण आजारी नसलेल्या, सरळ केससाठी मी तो सांगेन, इथे आपल्याला एक्स्पर्ट पर्याय हवाय.

अजून एक गोष्ट मी आधी बोलले नाही, तुम्ही गडबडला असतात. ते २४ सेक्टर कॉपीत कोरे आहेत, आणि ते कुठल्या फाईलमधले ते चेकडिस्क सांगणार नाही, त्याला फक्त फाइलसिस्टिमची रचना कळते, आतला मजकूर नाही. डीडीरेस्क्यूत एक फिल मोड आहे. मॅपफाईल बघून फक्त त्या न वाचलेल्या जागांवर आपण दिलेला एखादा शब्द लिहून ठेवतो. मग तो शब्द सगळ्या फाईलींमध्ये शोधायचा, ज्यात सापडला ती फाईल फाटलेली. हे कापण्याच्या आधी करा, जागा सरकल्या की मॅपफाईलचा उपयोग नाही.

जुना_घोस्टवाला

हे मला माहीत नव्हतं! तीस वर्षं डिस्का कॉपी करतोय.

पावतीपुस्तक (शनिवार, रात्री)

झालं सगळं. मधले दोन दिवस एका मंडळाची ५० पुस्तकं द्यायची होती म्हणून आतेभावाच्या डिस्कवरच काम केलं.

क्लोनला बावीस मिनिटं लागली फक्त, साटाने आत जोडल्याचा फायदा. पहिल्यांदा बूट झालंच नाही, काळा पडदा, बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका, पण नुसतं बायोसमध्ये बूटचा क्रम बदलायचा राहिला होता. आता डेस्कटॉप १५ सेकंदात. श्रीलिपीचा डाँगल (लायसन्सची किल्ली) लावला, उघडलं. पेजमेकर उघडलं. कोरलने पण कुरकुर केली नाही, मला वाटलं डिस्क बदलली म्हणून लायसन्स मागेल.

चर्चगेट_स्लो

क्लोनमध्ये पार्टिशनचा व्हॉल्यूम नंबर पण जसाच्या तसा येतो, जी सॉफ्टवेअरं तो बघतात त्यांना कळतच नाही. डिस्कचा कारखान्यातला सीरियल बघणारी असती तर अडली असती. डीच्या मागे ६ जीबी रिकामं दिसेल ते डिस्क मॅनेजमेंटमधून वाढवून घे किंवा राहू दे तसंच, आणि एकदा ऑप्टिमाईझ ड्राईव्ह उघडून बघ त्याला एसएसडी म्हणून ओळखतोय ना, म्हणजे ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवायची सोय) चालू राहील.

लॅबताई

आणि फाटलेल्या फाईली?

पावतीपुस्तक

शोधल्या ताई. खूण म्हणून 'गेलं' असं लिहिलं होतं इंग्रजी अक्षरांत, बाबांच्या सूचनेवरून. दोन सापडल्या. एक विंडोजचीच कुठलीतरी लॉग फाईल, ती काही नाही. दुसरी २०१६ मधली कोरलची, आमच्याच गल्लीतल्या मंडळाचं बोधचिन्ह. ते मंडळ दरवर्षी येतं आणि मी दरवर्षी तीच फाईल उघडून फक्त वर्ष बदलतो. काल त्यांचा खजिनदार आलाच, म्हणाला नेहमीसारखं, ३० पुस्तकं.

बाबांनी माळ्यावरून २०१७ चं एक कोरं पावतीपुस्तक काढून दिलंय, जरा वाळवी लागलीये कोपऱ्याला पण गणपतीची सोंड नीट आहे. उद्या स्कॅन करून परत रेखाटायला बसतो.

जुना_घोस्टवाला

हे काम झालं की ह्या वेळी दोन ठिकाणी सेव्ह कर. आणि आतेभावाची डिस्क एवढ्यात परत देऊ नकोस.

पावतीपुस्तक

त्याला सांगितलंय ठाण्याला पाऊस फार आहे, कमी झाला की आणतो.